डीएनएफचे पॅकेज ग्रुप: लॅब उभारायला झकास, मोडायला जपून

भरिताच्या पार्टीचं सामान सांगताना कुणी ‘अमुक किलो हिरवी मिरची, लसणाच्या इतक्या गड्ड्या, पातीच्या इतक्या जुड्या’ अशी यादी वाचत नाही. ‘आसोद्याची वांगी आण, वीस माणसांचं भरीत आहे’ एवढं म्हटलं की बाकीचं सगळं कळण्याच्या पुऱ्यांसकट आपोआप येतं. लिनक्समधले पॅकेज ग्रुप, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या पॅकेजांच्या (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) याद्या, नेमकं हेच काम करतात. फरक इतकाच की भरितात काय पडतं हे जळगावात सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रुपमध्ये काय पडतं हे न बघताच लोक ‘हो’चा वाय दाबतात, आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

हे परीक्षण मुख्यतः डीएनएफ या पॅकेज मॅनेजरच्या (सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या टूलच्या) ग्रुपचं आहे, म्हणजे फेडोरा, अल्मालिनक्स, रॉकी आणि रेड हॅट या घराण्याचं. धुळे, शिरपूर, अमळनेर, भुसावळच्या कॉलेजांतल्या लॅब किंवा एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसांत तीस-चाळीस मशिनं एकसारखी लावायची असतात. असं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या.

आधी रचना. प्रत्येक रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या कोठारात, पॅकेजांच्या याद्यांसोबत कॉम्प्स नावाची एक एक्सएमएल फाइल असू शकते. ग्रुप राहतात ते याच फाइलीत. ग्रुप स्वतः पॅकेज नसतो. डाउनलोड होईल, फाइल म्हणून हातात घेता येईल असं त्यात काही नसतं. तो निव्वळ यादी असतो. यादीतलं प्रत्येक नाव चारपैकी एका खान्यात बसतं: मँडेटरी, डिफॉल्ट, ऑप्शनल आणि कंडिशनल. वांगी, मिरची, लसूण हे मँडेटरी. शेंगदाणे डिफॉल्ट, बहुतेक जण घालतातच. खोबऱ्याचे काप ऑप्शनल, मागितले तरच मिळतील. कंडिशनल म्हणजे दुसरं एखादं ठरावीक पॅकेज मशिनवर असेल तरच येणारं. काही न सांगता ग्रुप मागवला तर मँडेटरी आणि डिफॉल्ट येतात, ऑप्शनल येत नाहीत. या एका ओळीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ‘ग्रुप टाकला तरी अमुक टूल नाही’ ही तक्रार जन्माला येते.

या याद्यांच्याही वर एन्व्हायरन्मेंट नावाची एक पायरी आहे. ती ग्रुपांची यादी. इन्स्टॉलरमध्ये ‘सर्व्हर विथ जीयूआय’, ‘मिनिमल इन्स्टॉल’ असे गोल बटणांचे पर्याय दिसतात, ते सगळे एन्व्हायरन्मेंट. उजवीकडे टिकमार्कचे चौकोन दिसतात, ते त्या एन्व्हायरन्मेंटला जोडता येणारे ग्रुप.

जाता जाता: आरपीएम (या घराण्यातल्या पॅकेजांचा साचा) पॅकेजच्या माहितीत ‘ग्रुप’ नावाची एक जुनी ओळ दिसते. तिचा या ग्रुपांशी काडीचा संबंध नाही. ती वाचून गोंधळू नका.

आता सर्वांत मोठा खड्डा, नावांचा. ‘डेव्हलपमेंट टूल्स’ या नावाचा ग्रुप फेडोरातही आहे आणि अल्मा-रॉकीतही, पण दोन्हींच्या आत वेगळाच माल आहे. अल्मा-रॉकीत त्याचा आयडी नुसता ‘डेव्हलपमेंट’. त्यात जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), जीसीसीचा सी-प्लस-प्लस कंपायलर, मेक, जीडीबी, बायसन, फ्लेक्स, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक हे सगळं मँडेटरी आहे. फेडोरात आयडी ‘डेव्हलपमेंट-टूल्स’, आणि त्यात गिट, पॅच, डिफस्टॅट, डॉक्सिजन, सबव्हर्जन अशी मंडळी आहेत. कंपायलर नाही! फेडोरात कंपायलर हवा तर ‘सी-डेव्हलपमेंट’ हा वेगळा ग्रुप मागवावा लागतो. नेटवरचा एखादा लेख अल्मासाठी लिहिलेला असतो, तो बघून फेडोरावर कमांड दिली जाते, कमांड बिनबोभाट पार पडते, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ‘जीसीसी: कमांड नॉट फाउंड’. काय भो, ग्रुप तर टाकला होता ना? टाकला होता, पण दुसऱ्या गावचा.

अल्मा-रॉकीतही सुटका नाही. सीमेक हे आजच्या निम्म्या सी-प्लस-प्लस प्रोजेक्टांना लागणारं टूल तिथल्या ‘डेव्हलपमेंट’ ग्रुपमध्ये ऑप्शनल खान्यात पडलेलं आहे. ते हवं असेल तर ‘डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल --विथ-ऑप्शनल डेव्हलपमेंट’ म्हणावं लागतं. मात्र त्याने इतरही ऑप्शनल पॅकेजं येतात. एकट्या सीमेकसाठी तेवढा पसारा नको असेल तर ग्रुप साधा टाकून ‘डीएनएफ इन्स्टॉल सीमेक’ वेगळं द्यावं. आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. कारण असं हाताने टाकलेलं पॅकेज ‘वापरकर्त्याने मागितलेलं’ अशी नोंद घेऊन बसतं, आणि पुढे ग्रुप काढताना ते जागेवरच राहतं.

फेडोराच्या ‘व्हर्च्युअलायझेशन’ ग्रुपचीही हीच गत. साध्या इन्स्टॉलमध्ये व्हर्ट-इन्स्टॉल, क्यूईएमयू-केव्हीएम, व्हर्ट-मॅनेजर, व्हर्ट-व्ह्यूअर आणि लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क येतं. व्हर्च्युअल डिस्कच्या आतल्या फाइली बाहेरून उघडणारी गेस्टएफएस टूल्स आणि व्हर्ट-टॉप मात्र ऑप्शनल. नेटवर्क लॅबला यातलं काही लागणार असेल तर आधीच ठरवून घ्या.

म्हणून नियम एकच: इन्स्टॉलच्या आधी इन्फो. ‘डीएनएफ ग्रुप इन्फो सी-डेव्हलपमेंट’ म्हटलं की खानेवार यादी समोर येते. ती खरोखर वाचायची. दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर ‘डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल सी-डेव्हलपमेंट --अझ्यूमनो’ द्या. मग डीएनएफ सगळा हिशेब मांडतो, एकूण डाउनलोड किती, डिस्कवर किती जागा लागणार हे सांगतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून थांबतो. ग्रुपची यादी वीस नावांची आणि हिशेबात सव्वाशे पॅकेजं दिसली तर घाबरू नका, मागून येणाऱ्या अवलंबित पॅकेजांची ती गर्दी असते. ती गर्दी कमी करता येते, ते पुढे येईलच.

यादी दाखवणाऱ्या कमांडमध्येही एक गोम आहे. ‘डीएनएफ ग्रुप लिस्ट’ सगळे ग्रुप दाखवतच नाही. कॉम्प्स फाइलीत ज्यांना ‘वापरकर्त्याला दिसू नये’ अशी खूण केलेली असते ते ‘--हिडन’ जोडल्याशिवाय दिसत नाहीत. आणि डीएनएफ ४ असेल तर ‘--आयडीज’ही जोडा, म्हणजे नावापुढे कंसात आयडी दिसेल. कमांड देताना हा आयडीच वापरा. नावात मधे जागा असते, तिला अवतरणचिन्हं लागतात. शिवाय मशिनची भाषा मराठी ठेवली असेल तर नाव भाषांतरित दिसू शकतं. आयडी कुठल्याही भाषेत तोच राहतो. इन्स्टॉल करताना आयडीच्या आधी ‘@’ लावून ‘डीएनएफ इन्स्टॉल @सी-डेव्हलपमेंट’ असंही चालतं. त्याचा फायदा असा की एकाच कमांडमध्ये ग्रुप आणि सुटी पॅकेजं दोन्ही देता येतात: ‘डीएनएफ इन्स्टॉल @सी-डेव्हलपमेंट सीमेक व्हिम’. किकस्टार्ट फाइलीत, म्हणजे मशिनं आपोआप लावायच्या फाइलीत, हीच पद्धत चालते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या फेडोरा ४१ पासून डीएनएफ ५ हा डिफॉल्ट झाला, आणि ग्रुपच्या बाबतीत काही सवयी बदलाव्या लागल्या. एन्व्हायरन्मेंटसाठी आता ‘डीएनएफ एन्व्हायरन्मेंट लिस्ट’ अशी स्वतंत्र कमांड आहे. ग्रुप लिस्टमध्ये त्या सापडल्या नाहीत म्हणून डोकं खाजवत बसू नका. ‘ग्रुप मार्क इन्स्टॉल’ आणि ‘ग्रुप मार्क रिमूव्ह’ गेले. त्यांच्या जागी ‘ग्रुप इन्स्टॉल --नो-पॅकेजेस’ आणि ‘ग्रुप रिमूव्ह --नो-पॅकेजेस’ आले. म्हणजे पॅकेजांना हात न लावता फक्त नोंद बदलायची. चांगली भर म्हणजे ‘डीएनएफ ग्रुप लिस्ट --कंटेन्स-पीकेजीएस=जीसीसी’. अमुक पॅकेज कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे ती थेट सांगते. वरचा डेव्हलपमेंट टूल्सचा घोटाळा या एका कमांडने उघडा पडतो. अल्मा आणि रॉकी ९ वर मात्र अजून डीएनएफ ४ च आहे. त्यामुळे लॅबमध्ये दोन्ही असतील तर भिंतीवरच्या कागदावर दोन रकाने करा.

आता गर्दी कमी करण्याची गोष्ट. ग्रुपचं ओझं दोन कारणांनी वाढतं. एक, डिफॉल्ट खाना. दुसरं, कमकुवत अवलंबनं, म्हणजे एखादं पॅकेज ‘माझ्यासोबत हेही असेल तर बरं’ अशी शिफारस करतं ती. पहिल्याला आवर घालायला ‘--सेटऑप्ट=ग्रुप_पॅकेज_टाइप्स=मँडेटरी’ द्यावं, म्हणजे फक्त सक्तीचा माल येतो. दुसऱ्यासाठी ‘--सेटऑप्ट=इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स’. नको असलेलं एखादंच नाव असेल तर ‘--एक्स्क्लूड’ पुरतं. जुनी मशिनं, लहान एसएसडी आणि रडतखडत चालणारं ब्रॉडबँड असेल तिथे या दोन पर्यायांनी खरोखर फरक पडतो.

पण कमकुवत अवलंबनं बंद करताना मराठीचा घात होतो, हे लक्षात ठेवा. फेडोरात एके काळी ‘मराठी सपोर्ट’ असा वेगळा ग्रुपच असे. आता त्या जागी ‘लँगपॅक्स-एमआर’ हे पॅकेज आहे. त्याची सगळी गंमत कमकुवत अवलंबनांवरच चालते: मशिनवर लिब्रेऑफिस असेल तर त्याचं मराठी रूप ओढून आणायचं, नसेल तर नाही. वीक-डेप्स बंद ठेवून ते टाकलं तर पॅकेज ‘इन्स्टॉल झालं’ म्हणून दिसेल, आणि लिब्रेऑफिस इंग्रजीतच उघडेल. मराठी टायपिंगच्या लॅबसाठी लँगपॅक्स ही एक कमांड तरी वीक-डेप्स चालू ठेवूनच द्या.

ग्रुप काय करत नाही हेही सांगायला हवं. तो पॅकेजं मांडतो, सर्व्हिस चालू करण्याची जबाबदारी घेत नाही. मिनिमल बसवलेल्या अल्मा ९ वर एक्सएफसीई हा डेस्कटॉप हवा असेल तर आधी सीआरबी रेपॉझिटरी चालू करा, एपेल ही जादा पॅकेजांची रेपॉझिटरी टाका, मग ‘डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल एक्सएफसीई’. सगळं टाकून रीबूट केलं की पुन्हा काळा टर्मिनलच दिसतो, आणि ग्रुप बिघडला असा समज होतो. बिघडलेला नसतो. ‘सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट’ द्यायचं राहिलेलं असतं आणि लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर एनेबल केलेला नसतो. आणि हो, एपेल टाकण्याआधी हा ग्रुप यादीत दिसणारच नाही. ग्रुप रेपॉझिटरीसोबत येतो आणि रेपॉझिटरीसोबतच जातो.

दुसरी न दिसणारी चूक: ग्रुपच्या यादीतलं एखादं नाव रेपॉझिटरीत नसेल तर डीएनएफ ४ सहसा अडत नाही. ‘नो मॅच फॉर ग्रुप पॅकेज’ अशी एक ओळ छापतो आणि पुढे निघून जातो. पुढच्या शंभर ओळींत ती ओळ वाहून जाते. स्क्रिप्टमधून चाळीस मशिनं लावताना आउटपुट फाइलीत साठवा आणि शेवटी ही ओळ ग्रेपने शोधा.

काढून टाकणं हा या उत्पादनाचा दुबळा भाग. ‘डीएनएफ ग्रुप रिमूव्ह’ कागदावर शहाण्यासारखं वागतं: ग्रुपमधली पॅकेजं काढतं, पण दुसऱ्या बसवलेल्या ग्रुपमध्ये असलेली आणि तुम्ही स्वतः मागितलेली सोडून देतं. अडचण ‘स्वतः मागितलेली’ या शब्दांत आहे. ग्रुपमधून आलेलं आणि आज रोज वापरात असलेलं गिट तुम्ही कधी नावाने मागितलेलं नसतं, त्यामुळे ग्रुपसोबत तेही जातं. एखादं पॅकेज टिकवायचं असेल तर आधी डीएनएफ ४ मध्ये ‘डीएनएफ मार्क इन्स्टॉल गिट’, डीएनएफ ५ मध्ये ‘डीएनएफ मार्क यूझर गिट’. डेस्कटॉपचा ग्रुप काढताना जास्तच जपा. ग्रुपसोबत, मागून आलेली आणि आता कुणाला न लागणारी पॅकेजंही झाडून निघतात. वाय दाबण्याआधी काढायच्या यादीत नेटवर्कमॅनेजरचं नाव आहे का हे डोळ्यांनी पाहा. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून लांबूनच, काम करत असाल आणि तेच गेलं, तर पुढचं काम मशिनपाशी जाऊन करावं लागेल. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात.

नुकताच टाकलेला ग्रुप चुकीचा निघाला तर ग्रुप रिमूव्हच्या वाटेला जाऊच नका. ‘डीएनएफ हिस्टरी’ बघा आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू लास्ट’ द्या. त्याने नेमका तो व्यवहार उलटतो, आधीपासून असलेल्या पॅकेजांना धक्का लागत नाही. मात्र मधे दुसरे व्यवहार झाले असतील तर ‘लास्ट’च्या जागी व्यवहाराचा क्रमांक द्यावा लागतो.

लाईट जाणं हे आपल्याकडे वेगळं प्रकरण. मोठा ग्रुप म्हणजे लांब व्यवहार, आणि मधेच वीज गेली तर काही पॅकेजं बसलेली, काही नाहीत, अशी अवस्था उरते. डाउनलोड चालू असताना गेली तर विशेष बिघडत नाही. इन्स्टॉल चालू असताना गेली तर बिघडतं. म्हणून डाउनलोड आणि इन्स्टॉल वेगळं करा: आधी ‘--डाउनलोडओन्ली’ने माल उतरवा, मग यूपीएस चार्ज असताना बिनडाउनलोडचं इन्स्टॉल. व्यवहार तुटलाच तर ‘डीएनएफ चेक’ चालवा, एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या राहिल्या असतील तर डीएनएफ ४ मध्ये ‘डीएनएफ रिमूव्ह --डुप्लिकेट्स’, मग ग्रुपची कमांड पुन्हा. शेवटी ग्रुप इन्फोच्या यादीतली महत्त्वाची नावं ‘आरपीएम -क्यू’ला देऊन ताडून पाहा. एसएसएचवरून करत असाल तर टीमक्समध्ये करा, म्हणजे तुमच्या बाजूचं नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

बाकीच्या पॅकेज मॅनेजरांशी तुलना केली की डीएनएफचं खरं बळ कळतं: तो लक्षात ठेवतो. कोणता ग्रुप बसवला, त्यातून काय आलं, याची नोंद त्याच्याकडे असते. डिस्ट्रिब्युशनने ग्रुपमध्ये नवं पॅकेज घातलं तर ‘डीएनएफ ग्रुप अपग्रेड’ ते आणतो, यादीतून वगळलेलं काढतो, आणि तुम्ही हाताने टाकलेल्याला हात लावत नाही.

आर्चच्या पॅकमनमध्ये ग्रुप आहेत, पण विसरभोळे. ‘पॅकमन -एस एक्सएफसीई४’ म्हटलं की क्रमांकांची यादी येते, ‘१-५ ८’ असं निवडता येतं, ‘^३’ म्हणून तिसरं वगळता येतं. निवड करायला यासारखी सोय दुसरीकडे नाही. पण निवडून झालं की पॅकमन ग्रुप विसरतो. उद्या ग्रुपमध्ये नवं काही आलं तर तुमच्यापर्यंत पोचणार नाही. याच कारणाने आर्चने ‘बेस’ हा ग्रुप २०१९ मध्ये आणि ‘बेस-डेव्हेल’ २०२३ मध्ये मेटापॅकेज करून टाकला.

डेबियन-उबुंटूत एपीटीला ग्रुप असे नाहीत. तिथे मेटापॅकेज चालतं, म्हणजे रिकामा डबा, ज्याला बाकीची पॅकेजं दोरीने बांधलेली. ‘बिल्ड-इसेन्शियल’ मागितलं की जीसीसी, जी-प्लस-प्लस, मेक, सी लायब्ररीच्या हेडर फाइली आणि डीपीकेजी-डेव्ह येतात. साधं, भरवशाचं, आणि नावात फसवणूक नाही. जोडीला टास्कसेल आहे, म्हणजे कामानुसार बांधलेले पॅकेजांचे गट (टास्क) टाकणारं टूल. मराठीसाठी ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ आहे, आणि मराठीसाठी एक ओळ पुरावी ही डेबियनची जमेची बाजू. पण ‘लॅम्प-सर्व्हर^’ अशी टोपी लावलेली नावं एपीटी रिमूव्हला चुकूनही देऊ नका. टोपीवालं नाव म्हणजे त्या टास्कमधली सगळी पॅकेजं, इतर कुणाला ती लागत आहेत की नाही हे न बघता. सूझेच्या झिपरमध्ये पॅटर्न आहेत. ‘झिपर इन्स्टॉल -टी पॅटर्न डेव्हेल_बेसिस’. पॅटर्न स्वतःच आरपीएम असल्यामुळे मांडणी स्वच्छ आहे, पण पॅटर्न काढला म्हणून पॅकेजं जात नाहीत, त्यासाठी ‘--क्लीन-डेप्स’ लागतं.

डीएनएफला आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण नावांच्या गोंधळासाठी कापला, एक काढण्यातल्या धोक्यासाठी. पण पुढे जे येतं आहे त्यासाठी कुणी चार दिले तर आमची हरकत नाही: स्वतःचा ग्रुप बनवणं. लॅबवाल्यासाठी खरा मेवा तिथेच आहे, आणि बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत.

समजा सेकंड इयरच्या लॅबला जीसीसी, जीडीबी, मेक, सीमेक, गिट, व्हॅलग्राइंड आणि पायथनचं पिप लागतं. अल्मा किंवा रॉकी ९ च्या एका मशिनवर डीएनएफच्या प्लगइनचं पॅकेज असलं की ‘डीएनएफ ग्रुप्स-मॅनेजर’ ही कमांड मिळते. ‘--आयडी=लॅब-एसवाय’, ‘--नेम’मध्ये इंग्रजी नाव, ‘--ट्रान्सलेटेड-नेम=एमआर:द्वितीय वर्ष लॅब’ असं मराठी नाव, ‘--मँडेटरी’, ‘--सेव्ह=कॉम्प्स.एक्सएमएल’ आणि शेवटी पॅकेजांची नावं. ‘--मँडेटरी’ दिलं नाही तर नावं डिफॉल्ट खान्यात पडतात. पुढे भर घालायची तर ‘--मर्ज’ वापरून तीच फाइल वाचून तिच्यातच लिहिता येतं. आयडी लहान अक्षरांत, मधे जागा न देता, आणि स्वतःचा उपसर्ग लावून ठेवा. ‘डेव्हलपमेंट’ असा मूळ ग्रुपचाच आयडी दिलात तर दोन्ही याद्यांची सरमिसळ होते आणि कोणतं पॅकेज कुठून आलं ते शोधत बसावं लागतं.

मग माल जमवायचा. इथे नेहमीची चूक अशी: ज्या मशिनवर जीसीसी आधीच आहे तिथे ‘--डाउनलोडओन्ली’ चालवायचं. आधीपासून असलेली पॅकेजं डीएनएफ उतरवत नाही, आणि तुमचा साठा अर्धवट राहतो. म्हणून रिकामं रूट फोल्डर दाखवा: ‘डीएनएफ --इन्स्टॉलरूट=/एसआरव्ही/रिकामं --रिलीजव्हर=९ इन्स्टॉल --डाउनलोडओन्ली --डाउनलोडडिर=/एसआरव्ही/लॅब’ आणि पुढे पॅकेजांची नावं. फोल्डरचं नाव तुम्ही काहीही ठेवा. डीएनएफला वाटतं मशिन कोरं आहे, त्यामुळे तो जी-लिबसीपासून सगळं उतरवतो. साठा फुगतो, पण कुठल्याही मशिनला पुरतो. नंतर त्या फोल्डरमध्ये ‘क्रिएटरेपो_सी -जी कॉम्प्स.एक्सएमएल .’ द्या. शेवटचा ठिपका विसरू नका, तो म्हणजे ‘इथलंच फोल्डर’.

साठा वाटायला मोठा सर्व्हर लागत नाही. लॅबपुरतं ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ चालतं. फायरवॉलमध्ये ८००० हा टीसीपी पोर्ट तेवढा उघडा. कायमचं करायचं तर एनजिनएक्स. प्रत्येक मशिनवर यम.रेपोज.डी फोल्डरमध्ये एक छोटी रेपो फाइल टाकायची: नाव, बेसयूआरएलमध्ये त्या मशिनचा आयपी, एनेबल्ड=१, जीपीजीचेक=१ आणि अल्माची किंवा रॉकीची मूळ चावी कुठे आहे तो पत्ता. पॅकेजांवर मूळ डिस्ट्रिब्युशनची सही असतेच, म्हणून जीपीजीचेक शून्य करायची गरज नाही. घाईत लोक शून्य करतात आणि मग ती फाइल वर्षानुवर्षं तशीच फिरते. त्यानंतर चाळीसही मशिनांवर एकच ओळ: ‘डीएनएफ इन्स्टॉल @लॅब-एसवाय’. इंटरनेट एकदाच वापरलं, बाकी सगळं लॅबच्या स्विचमधून.

यानंतर यादीत बदल केला तर तीन गोष्टी लागतात, आणि तिसरी हमखास राहते. कॉम्प्स बदला. क्रिएटरेपो_सी पुन्हा चालवा, ‘-जी’सकट, ते सोडलं तर नव्या मेटाडेटातून (रेपॉझिटरीच्या सूचीतून) ग्रुपच गायब होतो. आणि मशिनांवर ‘--रिफ्रेश’ लावून ‘डीएनएफ ग्रुप अपग्रेड लॅब-एसवाय’ द्या. डीएनएफ जुना मेटाडेटा डिफॉल्टने ४८ तास जपून ठेवतो, त्यामुळे रिफ्रेश नसेल तर मशिन सोमवारची यादी बुधवारपर्यंत सांगत राहतं. किंवा रेपो फाइलीतच ‘मेटाडेटा_एक्सपायर=१एच’ लिहून ठेवा; साठा स्वतःच्याच लॅबमध्ये असल्यावर तासातासाला विचारण्याचा खर्च नगण्य आहे.